मंगळवारची कातडी

मंगळवारी आणि गुरुवारी आमच्या दवाखान्यातलं
कॉफीचं चांगलं मशीन बंद असतं.
तसा नियम कुणी केलेला नाही,
मॅनेजर आदल्या संध्याकाळी जाताना
फक्त प्लग काढून ठेवतो.
मी आल्याआल्या लावते.

इतर दिवशी येते ती त्वचा.
दरपत्रक वाचते, लिंबाची चकती टाकलेलं पाणी पिते,
डोळ्यांखालच्या रेघांविषयी हलक्या आवाजात बोलते.
मंगळवारी येते कातडी.
छपरांवर पत्रे ठोकलेली, मेंढ्या भादरलेली,
चाळीस उन्हाळे ट्रॅक्टरवर बसलेली,
मोठ्या इस्पितळाच्या रांगेतून उचलून
आमच्याकडे वळवलेली,
बिल सरकारच्या नावे.

खुर्ची एकच. दिवाही तोच.
सुई त्याच खोक्यातली.

आज सव्वानऊला नायरी डन्स्टन.
वय एकाहत्तर, रॉक्सबरोच्या अलीकडे जर्दाळूची बाग.
डाव्या कानाच्या पाळीवर
तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी,
खपली धरतं, सोडतं, पुन्हा धरतं.
एका हातात चार घड्या घातलेलं पत्र,
काखेत लाकडी पेटी.

पेटी काउंटरवर ठेवून म्हणाली,
"माझे किती झाले?"
"काही नाही."
"म्हणजे मागाहून पाठवाल."
"नाही हो, काहीच नाही."
तिने एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा पेटीकडे,
जणू कुणीतरी तिचा हिशेब
तिला न विचारताच मिटवून टाकला होता.
"मग हे घ्या तरी. पिकलेत. उद्यापर्यंत टिकायचे नाहीत."

टोपी काढली तेव्हा कपाळावर रेघ:
वर दूध, खाली वीट.

डॉक्टर इम्रींनी सुई टोचली. मी विचारलं, गार वाटतंय?
"सप्टेंबरात आम्ही रात्र-रात्र जागून
कळ्यांवर पाणी मारतो," ती म्हणाली,
"पहाटेचं हिम उतरायच्या आत.
पाण्याचा बर्फ होतो कळीभोवती,
आणि त्या बर्फामुळेच आतली कळी जगते.
तसा झालाय बघा कान."

मग गप्प.
कात्रीचा आवाज, चिमट्याचा,
बाहेर कुणाचा तरी ट्रक मागे घेताना पिपाण्या.

तिसऱ्या टाक्याला म्हणाली,
"यूअनचं पत्र दोन वर्षांनी आलं.
माझा भाऊ. त्याचाही कानच.
पत्र मी उघडलं."
डॉक्टरांचा हात थांबला नाही.
थांबायला नकोच होता.
चौथा टाका. पाचवा.

आपल्याकडे उपकार फेडायचे म्हणजे
कातड्याचे जोडे करून घालायची भाषा.
नायरीने तांदळाएवढीच दिली,
ती मी बाटलीत टाकली.
लेबलवर नाव, तारीख, डावा कान.
पैसे कोण देणार, त्याचाही एक रकाना असतो,
तो भरला.
बाटलीत बुडल्यावर
शुक्रवारची काय, मंगळवारची काय,
दोन्ही सारख्याच फिक्या पडतात,
आणि तिकडे प्रयोगशाळेत
कुणीही रकाना वाचून भिंग लावत नाही,
निदान मी तसं धरून चालते.

टाके दहा दिवसांनी. अहवाल कधी, ते सांगता येत नाही.
कानावर पांढरी पट्टी, पट्टीवर टोपी,
टोपी बसेना.
मी तिला चांगल्या मशीनची कॉफी दिली.
तिने ती उभ्यानेच, दोन घोटांत संपवली,
कप धुवायला बेसिन शोधत राहिली.

दुपारी मॅनेजरने पेटीतला एक उचलला.
"कुणी आणले?"
"मंगळवारने."
तो हसला, दुसराही खाल्ला,
फोन वाजला म्हणून बी हाताशी होतं तिथे ठेवून गेला.

बुधवारच्या संध्याकाळी
प्लग नेहमीसारखा काढलेला.
बी मी उचलली.
दरपत्रकावर, रेषा घालवण्याच्या भावापाशी,
पिवळा ओलसर डाग.
पुसून पाहिला. जात नाही.